वास्तव, उलट व लहान

दहावीला ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नात माझा अर्धा गुणही कधी कापला गेला नाही. माठातलं पाणी उन्हाळ्यात गार का राहतं, गाडीच्या बाजूला बहिर्गोल आरसा का लावतात, घाटातल्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच का ठेवतात, सगळ्याची कारणं मला येत होती. कारण एक, कारण दोन, मग ‘म्हणून’, पुढे प्रश्नातलंच वाक्य पुन्हा उतरवायचं आणि खाली पट्टीनं रेघ मारायची. कारणं पटली होती का, हे कुणी विचारलं नाही. ते विचारायला पेपरात जागाही नव्हती.

पुढे मी कॉमर्सला गेलो, बँकेत लागलो आणि गेली बावीस वर्षं कॅशच्या खिडकीमागे आहे. तरीही आमच्या घरात विज्ञान खातं माझ्याकडे आहे. गणित आणि भाषा बायकोकडे, हस्तकला आजीकडे, बाकी सगळं यूट्यूबकडे. मुलांनी आभाळ निळं का असतं असं विचारलं की बायको पोळी लाटता लाटता म्हणते, “बाबांना विचारा.” मी पेपरामागून म्हणतो, “तुम्हाला ते पुढच्या इयत्तेत आहे.” या एका उत्तरावर मी सहा वर्षं खातं सांभाळलं.

खात्याला धक्का बसला तो धाकट्यामुळे. वय वर्षं सहा. त्यानं आधी गजराचं घड्याळ उघडलं, मग टीव्हीचा रिमोट, मग आजीचं रक्तदाब मोजायचं यंत्र. उघडलेलं सगळं तो नीट ओळीनं मांडून ठेवतो, हा त्याचा गुण. परत बसवत नाही, हा स्वभाव. “हात लावू नकोस” हे आमच्या घरातलं पालुपद झालं. रोज किती वेळा म्हटलं जातं याचा थोरलीनं एकदा वहीत हिशेब मांडला होता. चाळीसनंतर तिला कंटाळा आला. शेवटी बायको म्हणाली, “याला हात लावू देतात अशा ठिकाणी ने एकदा. नाहीतर पुढचा नंबर मिक्सरचा आहे.”

म्हणून रविवारी सकाळी आम्ही पाच जण डोंबिवलीहून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राला निघालो. साहित्य: तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं, पाण्याच्या चार बाटल्या, एक छत्री (आईची, बारमाही), धाकट्याचा जादा शर्ट. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरलो आणि मी ऐटीत टॅक्सीवाल्याला म्हणालो, “नेहरू.” वरळीत हे एवढंच सांगणं म्हणजे सदाशिव पेठेत ‘जोशी’ विचारण्यासारखं आहे. तिथे नेहरू सेंटर आहे, त्याचंच नेहरू तारांगण आहे आणि नेहरू विज्ञान केंद्र आहे, ते मात्र वेगळंच. त्या भल्या माणसानं आम्हाला तारांगणाच्या गोल घुमटासमोर उतरवलं. मी पैसे देऊन टॅक्सी सोडली, घुमटाकडे बोट करून “हे बघा, विज्ञान!” असं म्हणून दाखवलं आणि मग थोरलीनं पाटी वाचली. दुसरी टॅक्सी. बायको काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मीटर पळतं.

विज्ञान केंद्राच्या इमारतीसमोर मात्र तिची कळी खुलली. ही इमारत वास्तुकार अच्युत कानविंद्यांची, म्हणजे आयआयटी कानपूर ज्यांनी उभी केली त्यांची, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. ते मूळचे आचऱ्याचे, हे मी बोलून गेलो, आणि चूक झाली. बायकोचं माहेरही त्याच मालवण तालुक्यातलं. त्यानंतर दिवसभर जे जे चांगलं दिसलं ते आचऱ्याचं झालं. जिन्यात उजेड छान येतो, आचऱ्याची माणसं. आत गार वाटतं, आचऱ्याची माणसं. तिकडे जर्मन माणसानं केलेलं विमान होतं, तेवढं तिनं सोडलं.

आधी बाहेरच्या बागेत गेलो. ही विज्ञानाची बाग १९७९ची, आंतरराष्ट्रीय बालक वर्षातली. मुख्य इमारत पुढे नोव्हेंबर १९८५मध्ये राजीव गांधींच्या हस्ते खुली झाली. माझा जन्मही १९७९चाच. बाग आणि मी एका वर्षाचे. ती अजून दिवसभर पोरं अंगाखांद्यावर घेते आणि मला मस्जिद स्टेशनचा जिना चढला की दम लागतो, हा विचार मी पुऱ्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेता घेता केला आणि सोडून दिला.

धाकटा पहिल्याच यंत्राकडे धावला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “हात ला...”

पुढे वाक्य नव्हतं. समोर स्वच्छ लिहिलं होतं की चाक फिरवा. मुलगा चाक फिरवत होता. मी तोंड उघडं ठेवून उभा. पोलिसाची शिट्टी काढून घेऊन त्याला चौकात उभं करावं तसं झालं. बाप म्हणून माझं अर्धं काम त्या दोन शब्दांवर चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि नोकरीही त्यावरच चालते: मधे काच, काचेला खाली अर्धचंद्राएवढं भोक, पेनाला दोरी. पेनसुद्धा नेऊ देत नाही आम्ही.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा याच जातीची होती. कपाट काचेचं, कुलूप पितळी, किल्ली शिपाईमामांच्या जानव्याला. व्हर्निअर कॅलिपर मी पहिल्यांदा पाहिलं ते साठ मुलांच्या डोक्यांवरून, सरांच्या हातात, पाच सेकंद. दुरून ते मला अडकित्त्यासारखं दिसलं. प्रयोगवहीत मात्र उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान सगळं चोख. निरीक्षण आम्ही वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीतून उतरवायचो, आणि त्यानं त्याच्या वरच्याच्या. ते मूळ निरीक्षण कुणी केलं असेल कुणास ठाऊक. बहुधा साठच्या दशकात कुणा प्रामाणिक मुलानं केलं असावं. एकदा एकानं खरंच लंबक मोजला. त्याचं उत्तर वहीशी जुळेना. सरांनी त्याला वहीप्रमाणे करायला सांगितलं.

पोरांना यंत्रं हाताळू द्यावीत ही कल्पना जगभर पसरवणाऱ्यांत एक मोठं नाव म्हणजे फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपनहायमरचा हा धाकटा भाऊ. तोही भौतिकीतला, बॉम्बच्या कामावर होता. पुढे अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावानं शोधाशोध सुरू झाली, १९४९मध्ये याची विद्यापीठातली नोकरी गेली आणि भौतिकीचा हा प्राध्यापक कोलोरॅडोत गुरं पाळू लागला. मग गावच्या शाळेत शिकवायला लागला आणि १९६९मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम काढलं, जिथे सगळ्याला हात लावायचा. थोरल्यावर सिनेमा निघाला, ऑस्कर मिळाली. धाकट्यानं केलं ते आमच्या धाकट्याच्या कामी आलं. जगात धाकट्यांचं असंच असतं. मी स्वतः धाकटा असल्यामुळे हे जरा लांबवून सांगितलं.

बागेत समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या आहेत. एका तबकडीसमोर तोंड करून कुजबुजायचं, पार पलीकडच्या तबकडीपाशी कान लावलेल्याला ते स्पष्ट ऐकू जातं. मधे पोरं ओरडत असली तरी. तबकडीचा आकार अन्वस्त असतो. धाकट्यानं विचारलं, “बाबा, अन्वस्त म्हणजे?” मी म्हणालो, “अस्वस्थचा भाऊ.” खरं तर कारण साधं आहे: तबकडीच्या नाभीपाशी बोललं की आवाज इकडेतिकडे न पांगता सरळ समांतर निघतो, आणि समोरची तबकडी तो पुन्हा आपल्या नाभीत गोळा करते. बायको तिकडे जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी इकडे कान लावला.

ग्रॅहम बेलनं १० मार्च १८७६ला पहिल्यांदा टेलिफोनवरून माणसाला हाक मारली तीसुद्धा मदतनिसाला ‘इकडे या’ म्हणायलाच. एवढी मोठी सोय झाली तरी माणूस तिच्यावर घरकामाचंच बोलतो. त्या तबकडीतून, कानाशी ओठ लावावेत इतक्या जवळून, बायकोचा आवाज आला:

“गॅस बंद केलास ना?”

लग्नाच्या चौदा वर्षांत तिनं माझ्या कानाशी इतकं हळू काही म्हटल्याला बराच काळ झाला होता. मी म्हणालो, “तू नाही केलास?”

“शेवटचा चहा कुणी केला?”

“मी.”

“मग?”

इथे ‘काय? ऐकू नाही आलं’ असं म्हणून वेळ काढण्याची सोयच नव्हती. नवऱ्यांची ही परंपरागत सवलत त्या अन्वस्त तबकडीनं पार मोडीत काढली. मी गप्प राहिलो तर माझं गप्प राहणंही तिकडे स्पष्ट ऐकू गेलं असावं, कारण ती तरातरा चालत आली आणि समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना फोन लागला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. काकू फोन कानाला लावूनच आमच्या घरात शिरल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि जाहीर केलं की गॅस बंद आहे, पण दूध बाहेरच राहिलंय, आणि ओट्यावर घड्याळाचे तुकडे का मांडलेत?

आई या सगळ्यात नव्हती. ती जुन्या ट्रामपाशी बसली होती. आई लालबागची. मुंबईत शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. चालत्या ट्राममधून उतरताना तोंड पुढच्या दिशेला ठेवायचं आणि दोन पावलं पळायचं, हे तिला तिच्या भावानं शिकवलं होतं. “नाहीतर आपण थांबतो आणि अंग पुढे जातं,” ती थोरलीला सांगत होती. जडत्वाचा नियम मी मराठीत पाठ केला होता, उदाहरणासह. उदाहरण बसचं होतं. उतरताना पळायचं असतं हे त्यात नव्हतं.

थोरलीनं विचारलं, “आजी, तू ट्राममध्ये कुठे बसायचीस?”

“दादर टीटीला.”

“टीटी म्हणजे टेबल टेनिस?”

आई हसता हसता कलंडली. ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, तरी दादरला टॅक्सीवाले, बसवाले सगळे अजून टीटीच म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आलो आणि त्या दोन अक्षरांचा अर्थ, खरं सांगतो, मलाही तेव्हाच कळला. मी “अर्थातच” अशा चेहऱ्यानं मान हलवली.

पुऱ्या खाल्ल्या त्या विमानाच्या बाजूला. एचएफ-२४ मरुत, आपल्याकडे तयार झालेलं पहिलं लढाऊ जेट. आराखडा जर्मन कुर्ट टँकचा, बांधणी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सची, पहिलं उड्डाण जून १९६१चं. मी ही माहिती लोणच्याच्या बाटलीचं झाकण उघडता उघडता दिली. झाकण उघडेना. धाकट्यानं बाटली घेतली, झाकणाला शर्टाचं टोक गुंडाळलं आणि उघडली. माहिती तिथेच राहिली.

जेवणानंतर आतल्या दालनांत गेलो. तिथे लोकांकडे बघण्यात माझा बराच वेळ गेला. आपली माणसं बटण दिसलं की दाबतात. लिफ्टचं दाबतात तसं, चारदा. दाबतात आणि दिवा लागायच्या आत पुढच्या बटणाकडे जातात. त्यामुळे प्रयोग एकाचा आणि परिणाम दुसऱ्याच्या वाट्याला. एका काकांनी ओळीनं नऊ बटणं दाबली आणि “काही होत नाही” म्हणत बाहेर पडले. मागे नऊ यंत्रं गरगरत, लुकलुकत, वाजत होती. पाट्या वाचायला बाप थांबतात. हात पाठीमागे, मान तिरकी, देवळातला शिलालेख वाचावा तसे. पोरं आधी दाबतात, ओढतात, फिरवतात आणि जमलं तर पाटीवरचं चित्र बघतात. आणि आया बसायला जागा बघतात.

एक शाळेची सहल आली होती, कुठल्या तरी तालुक्याच्या गावाहून. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून साठ मुलांची आगगाडी. बाई पुढे, सर मागे, “पुढे चला, पुढे चला.” प्रतिध्वनीची एक लांबच लांब नळी आहे, तिच्या तोंडाशी बोललं की आवाज नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येतो. आगगाडीतला एक डबा तिथे सुटला. बुटाचा बंद लोंबतोय, गळ्यात नाव-पत्त्याचं कार्ड. त्यानं नळीत तोंड घातलं आणि हाक मारली, “आये!” थांबला. नळीतून आलं, “...आये!” त्यानं मागे वळून पाहिलं. मग पुन्हा वाकला आणि या वेळी हळूच म्हणाला. हळूच उत्तर आलं. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही, नुसता कान लावून बसला. सरांनी त्याचा दंड धरून त्याला गाडीला जोडला. जाताना तो मागे बघत होता.

आमच्या धाकट्याला एक दोन तोंडांचा शंकू सापडला होता. दोन फनेलं तोंडाशी चिकटवावीत तसा. दोन रुळांवर ठेवला की चढाकडे गडगडत जातो. म्हणजे वर. धाकट्यानं तो तेरा वेळा सोडला. तेरा वेळा तो वर गेला. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “कसं?” मी म्हणालो, “तुला ते पुढच्या...” आणि थोरलीकडे लक्ष गेलं, ती हाताची घडी घालून उभी होती. मग मी पहिल्यांदाच खाली बसलो आणि रुळांच्या पातळीला डोळा लावून पाहिलं. रूळ पुढे पुढे फाकत जातात. शंकूची टोकं निमुळती, त्यामुळे रूळ फाकले की शंकू त्यांच्यात बुडत जातो. रूळ वर चढतात, शंकूचा मध्य मात्र खाली येत असतो. दिसायला चढतो, असतो उतरत. माझ्या पगारवाढीचं अगदी हेच आहे, पण ते मुलांना सांगितलं नाही. गुरुत्वमध्याची व्याख्या मला शब्दन् शब्द येत होती. ती त्या शंकूत राहत होती, हे माहीत नव्हतं.

फिरत्या खुर्चीवर मात्र मी स्वतःहून बसलो. हात पसरून फिरायचं आणि एकदम छातीशी घ्यायचे, वेग वाढतो. कोनीय संवेग तेवढाच राहायला बघतो, म्हणून वस्तुमान अक्षाजवळ आलं की गती वाढते. माझी फारशी वाढली नाही. माझं बहुतेक वस्तुमान आधीच अक्षाभोवती गोळा झालेलं आहे. तरी उतरल्यावर दालन दोन मिनिटं डावीकडे वाहत होतं आणि मी एका अनोळखी बाईंना “चल, पुढे जाऊ” म्हणालो.

याच सुमारास थोरलीनं मला धंद्यात हरवलं. तिनं माझ्याकडून पाचशेची नोट मागितली. माझा अंगठा आणि बोट नोटेच्या मध्यावर, न टेकवता. ती वरून सोडणार, मी पकडायची. पकडली तर ती माझे पाय चेपणार, नाही तर नोट तिची. मी हसलो. बावीस वर्षं मी नोटा पकडतोय. दिवसाला किती हात लावतो ते सांगितलं तर लोकांना हेवा वाटेल. तिनं सोडली. नोट जमिनीवर. पुन्हा. जमिनीवर. पाच वेळा सोडली, पाच वेळा माझी बोटं रिकाम्या हवेला चिमटा काढून आली. हिशेब असा आहे: पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब. बोटं मध्यावर, म्हणजे हातातून निसटायला ७५ मिलिमीटर. तेवढं पडायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. आणि डोळ्यानं पाहून, मेंदूला कळून, बोटं मिटायला माणसाला पाचवा भाग तरी लागतो. नोट सुटणारच. कॅशियर असो की कुणी.

“आण इकडे,” आई म्हणाली.

पहिल्या वेळी तिचीही सुटली. दुसऱ्या वेळी तिनं पकडली. थोरलीचा विश्वास बसेना. तिनं पुन्हा सोडली, आजीनं पुन्हा पकडली.

“मी नोटेकडे बघतच नाही,” आई म्हणाली. “तुझ्या तोंडाकडे बघते. सोडायच्या आधी ओठ चावतेस.”

मग तिनं नोटेची घडी केली आणि कनवटीला लावली. ती नोट मला अजून मिळालेली नाही. प्रयोगाचं साहित्य परत करावं लागतं, हे तिच्या शाळेत शिकवलं नसावं.

आरशांपाशी सगळ्यात जास्त गर्दी. त्यातही ज्या आरशात माणूस उंच आणि सडपातळ दिसतो त्याच्यासमोर रांग होती. ज्यात बुटका आणि गोल दिसतो त्याच्यासमोर फक्त लहान मुलं. बायकोनं सडपातळ आरशात उभं राहून सात फोटो काढून घेतले आणि असा आरसा कुठे विकत मिळतो का, याची चौकशी केली. मी म्हणालो, “आचऱ्याला बघ.” ते तिनं ऐकलं नाही, कारण तबकडी नव्हती.

पुढे एक मोठा अंतर्गोल आरसा होता. माझा हुकमी विषय! अंतर्गोल आरशाच्या सगळ्या आकृत्या मला येत होत्या. वस्तू कुठे ठेवली की प्रतिमा कुठे, कशी, केवढी, असा सहा ओळींचा तक्ता होता, तो मी आजही झोपेत म्हणू शकतो. वस्तू ध्रुव आणि नाभीच्या मध्ये असेल तर प्रतिमा आभासी, सुलट व मोठी. वस्तू वक्रता केंद्राच्या पलीकडे असेल तर प्रतिमा वास्तव, उलट व लहान. मी मुलांना जवळ बोलावलं, घसा साफ केला आणि लांबून आरशाकडे पाहिलं.

त्यात एक माणूस उलटा लटकत होता. छोटासा. खांद्याला रिकामी पुऱ्यांची पिशवी, ती वरच्या बाजूला जात होती. चष्मा नाकावर, पण नाक छताकडून खाली.

वास्तव, उलट व लहान. तीस वर्षांपूर्वी मी हे शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले होते आणि दोन गुण घेतले होते. पण ते कधी माझ्याविषयी असतील, असं वाटलं नव्हतं. मी एक पाऊल पुढे गेलो, लटकणारा माणूस मोठा झाला. आणखी पुढे, चेहरा पसरला, वितळला, सगळा आरसा माझ्या गालाचा झाला. आणखी पुढे, आणि एकदम मी सुलटा, भला मोठा, घरी जेवायच्या टेबलाशी दिसतो तसा. आभासी.

“बाबा, पुन्हा मागे जा,” धाकटा म्हणाला. “उलटा छान दिसतोस.”

मी मागे गेलो. पुढे आलो. मागे गेलो. नेमका कुठे पलटतो ते मला सापडेना. एक जागा अशी यायची की तिथे मी उलटाही नव्हतो आणि सुलटाही, नुसता धूसर होतो. मागे रांग लागली. एक मुलगी तिच्या वडिलांना म्हणाली, “त्या काकांचं कधी होणार?” बायकोनं माझा दंड धरला आणि मला गाडीला जोडला.

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली. आई झोपली, कनवटीवर हात ठेवून. थोरली मोबाइलवर फोटो बघत होती. त्यात धाकट्याचं मुंडकं एका थाळीत ठेवलेलं होतं, आरशाच्या करामतीनं, आणि ते मुंडकं जीभ बाहेर काढत होतं. धाकट्यानं मला विचारलं, “बाबा, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का नाही होत? साध्या आरशात?”

पुढच्या इयत्तेत, असं म्हणायला तोंड उघडलं आणि कल्याण लोकलच्या खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसला. “माहीत नाही रे,” मी म्हणालो. त्यानं अविश्वासानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे ठाण्यापर्यंत काचेसमोर एकदा डावा, एकदा उजवा हात हलवत बसला. समोरचा माणूस त्याला दोनदा टाटा करून मोकळा झाला.

रात्री आमटीभात झाला. सगळे झोपले. भांडी विसळायची पाळी माझी. विसळता विसळता आमटीचा डाव हातात आला. स्टीलचा, खोलगट, चकचकीत. आत मी. उलटा, लहान, मागे ट्यूबलाइटही उलटी. मी डाव जवळ आणला. अजून उलटाच. खोलगट भाग एवढासा, म्हणजे नाभीही अगदी जवळ, बोटभर अंतराच्या आत. मी डावात करंगळी घातली. करंगळी सुलट आणि गलेलठ्ठ, आणि तिच्या मागे मी उलटा. दोघं एकाच वेळी, एकाच डावात. चेहरा आणखी पुढे नेला. नाक डावाला टेकलं, चष्मा कडेला आपटला, तरी डोळे काही नाभीच्या आत पोचेनात. चष्मा काढून ठेवला आणि नाक जरा बाजूला दाबून पुन्हा प्रयत्न केला.

मागून दिवा लागला. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, डावाकडे पाहिलं, ओट्यावर अजून मांडून ठेवलेल्या घड्याळाच्या तुकड्यांकडे पाहिलं.

“आमटी संपलीये,” ती म्हणाली. “आणि गॅस बंद केलास ना?”